विरजण शेजारचं, दही घरचं

आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गात गोधड्या शिवल्या जातात. पूर्वी साध्या धावदोऱ्याच्या असायच्या. आता गिऱ्हाईक बदललं, त्यामुळे मधोमध मोर, कडेला कमळं, कोपऱ्यात कुयऱ्या असं सगळं लागतं. परवा एका मुलीनं मोबाइलवर राजस्थानी भरतकामाचा नमुना पाहिला आणि त्यातली वेल उचलून आपल्या गोधडीच्या किनारीला लावली. झालं! दुसरीनं तिला थेट चोर ठरवलं. तिसरीचं म्हणणं, आजीकडून टाका शिकलो तीही मग चोरीच. वाद चांगलाच रंगला आणि निवाड्यासाठी सगळ्याजणी माझ्याकडे आल्या. मी आर्ट्सची पदवीधर, म्हणजे मला आर्टमधलं कळतं, असा त्यांचा एक प्रेमळ गैरसमज आहे!

मला तेव्हा आठवली ती अमृता शेर-गिल. तिचं नाव आपण ऐकलेलं असतं, कॅलेंडरवर एखादं चित्रही पाहिलेलं असतं. उदास डोळ्यांच्या, खाली मान घातलेल्या तीन मुली आठवतात ना? त्याच. पण जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात या बाईनं कुठून कुठून काय काय उचललं आणि त्याचं काय केलं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. आणि कुणाकडून काय घेतलं हे तिनं कधी पदराआड लपवलं नाही, हे मला सगळ्यात भावतं.

अमृताचा जन्मच मुळी दोन देशांतली देवाणघेवाण होता. वडील उमरावसिंग शेर-गिल हे पंजाबातल्या मजिठिया घराण्यातले शीख सरदार. संस्कृत आणि फारसीचा व्यासंग, शिवाय फोटोग्राफीचं वेड. त्यांनी काढलेले घरातल्यांचे फोटो आज अभ्यासक डोळ्यांत तेल घालून पाहतात. आई मारी आंत्वानेत ही हंगेरीची, ऑपेरा शिकलेली गायिका. महाराजा रणजितसिंहांची नात राजकन्या बंबा हिच्याबरोबर ती लाहोरला आली आणि १९१२ साली तिथेच हे लग्न झालं. ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये अमृता जन्मली. पुढच्या वर्षी धाकटी बहीण इंदिरा. मग पहिलं महायुद्ध पेटलं आणि हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडलं. १९२१ मध्ये ते भारतात आले आणि सिमल्याला राहू लागले. म्हणजे आठ वर्षांची होईपर्यंत या मुलीनं भारत पाहिलेलाच नव्हता.

चित्रं मात्र ती अगदी लहानपणापासून काढायची. परीकथा ऐकायची आणि त्यांची चित्रं रंगवायची. १९२४ मध्ये आई तिला इटलीत फ्लॉरेन्सला घेऊन गेली. तिथली कॉन्व्हेंट शाळा पोरीला मुळीच मानवली नाही आणि काही महिन्यांत मंडळी परत आली. सिमल्याच्या कॉन्व्हेंटमध्येही तिनं आपण देव मानत नाही असं जाहीर केलं आणि शाळेतून नाव कमी झालं. तिला खरा मार्ग दाखवला तो मामानं. एर्विन बाक्ताय हे तिचे मामा स्वतः चित्रकला शिकलेले आणि भारतविद्येचे अभ्यासक. त्यांनी भाचीला कल्पनेतल्या पऱ्या सोडून समोरचं माणूस बघून काढायला लावलं. घरातली नोकरमाणसं बसवून ती रेखाटनं करू लागली. मामाचं हे एक वाक्यभर शिक्षण तिला जन्मभर पुरलं, असं मला वाटतं.

१९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, अमृता शिकायला पॅरिसला गेली. आधी ग्रांद शोमिएर या कलाशाळेत आणि मग एकोल दे बोझारमध्ये ल्युसिएँ सिमाँ या प्राध्यापकांच्या हाताखाली. तिथे शिकवत तो कसून अभ्यास: मॉडेल समोर, छायाप्रकाश, शरीराची ठेवण. ते तिनं इतकं घोटलं की १९३२ साली काढलेल्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला पुढच्या वर्षी पॅरिसच्या सलाँमध्ये सुवर्णपदक मिळालं आणि सलाँची असोसिएट म्हणून तिची निवड झाली. वय वर्षं वीस! त्या चित्रात एका बाजूला बहीण इंदिरा आहे आणि समोर एक फ्रेंच मैत्रीण. नीटस, व्यवस्थित, परीक्षकांना आवडेल असंच चित्र आहे ते. तिथेच थांबली असती तर पॅरिसमधली एक चांगली चित्रकार म्हणून कुठल्याशा पुस्तकात तळटीप होऊन राहिली असती.

पण कॉलेजबाहेर पॅरिसमध्ये दुसरंही पाहायला मिळत होतं. सेझान होता, व्हॅन गॉग होता आणि मुख्य म्हणजे गोगँ होता. पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार १८९१ मध्ये घरदार सोडून दूरच्या ताहिती बेटावर गेला आणि तिथल्या सावळ्या बायका त्यानं सपाट, तेजस्वी रंगांत रंगवल्या. सावल्यांचा खेळ कमी, ठसठशीत बाह्यरेषा आणि मोठमोठे रंगाचे पट्टे. १९३४ मध्ये अमृतानं एक स्वतःचंच चित्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘सेल्फ पोर्ट्रेट अॅज ताहितियन’. गोगँच्या बायकांसारखी ती उघड्या अंगानं, हात पुढे बांधून उभी आहे. केस मागे बांधलेले, नजर भलतीकडे. मागच्या पडद्यावर जपानी वळणाच्या आकृती आहेत आणि तिच्या अंगामागे एका पुरुषाची मोठी सावली पडलेली दिसते.

मला हे चित्र फार धीट वाटतं आणि त्याचं कारण ते उघडं अंग नव्हे. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव तिनं चित्राच्या कपाळावरच लिहून ठेवलं, म्हणून. शिवाय गोगँच्या चित्रांत रंगवणारा पुरुष, गोरा आणि परका. रंगवली जाणारी बाई स्थानिक, आणि बोलायला तिला तोंड नाही. इथे मॉडेलही तीच आणि कुंचलाही तिच्याच हातात. जागा तीच ठेवून माणसं बदलली की चित्राचा अर्थ कसा पालटतो बघा. मागची ती पुरुषाची सावली कुणाची, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर तो बघणारा पुरुष आहे आणि तिनं त्याला मुद्दाम पाठीमागे टाकलाय.

यातली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. गोगँ तरी कुठे सगळं स्वतःच्या डोक्यातून काढत होता? त्यानं ताहितीला जाताना फोटोंचा गठ्ठा नेला होता आणि त्यात जावा बेटावरच्या बोरोबुदुर या बौद्ध स्तूपाच्या शिल्पांचे फोटो होते. त्या शिल्पांतल्या आकृतींच्या ठेवणी त्यानं आपल्या ताहिती बायकांना दिल्या. बोरोबुदुरच्या शिल्पकलेचं मूळ शोधत गेलं तर ते पोचतं भारतातल्या गुप्तकाळातल्या बौद्ध कलेपर्यंत. म्हणजे भारतातून जावा, जावाहून फोटोत बसून ताहिती, ताहितीहून पॅरिस, आणि पॅरिसमध्ये ते भेटलं कुणाला, तर अर्ध्या भारतीय मुलीला! माहेरचं पातेलं दहा घरी फिरून परत आपल्याच दारात यावं, तसं झालं.

आपल्याकडे दही संपलं की शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतात. विरजण तिचं, पण दूध आपलं, भांडं आपलं, रात्रभरची ऊब आपल्या ओट्यावरची. सकाळी लागलेल्या दह्याला कुणी शेजारणीचं दही म्हणत नाही. आणि तिनंही ते आणखी कुणाकडून तरी आणलेलंच असतं. पहिलं विरजण कुणाचं, हे आजवर कुणाला सांगता आलंय? फक्त एक आहे, विरजणाचं प्रमाण सांभाळावं लागतं. जास्त पडलं की आंबतं.

पॅरिसमध्येच अमृताला भारताची ओढ लागली. आपले रंग इथल्या करड्या उजेडात खुलायचे नाहीत, असं तिच्या प्राध्यापकांनाही वाटे. पॅरिसच्या गिमे संग्रहालयातली पूर्वेकडची शिल्पं तिनं मन लावून पाहिली होती. खरं तर भारताची महती तिला युरोपात राहून कळली आणि तसं तिनं मोकळेपणानं मान्यही केलं. १९३४ च्या अखेरीस ती परत आली ती कायमची. पुढच्याच वर्षी अमृतसरच्या घरी नात्यातल्या तीन मुलींना बसवून तिनं ‘ग्रुप ऑफ थ्री गर्ल्स’ काढलं. लाल, हिरव्या, केशरी कपड्यांतल्या तिघीजणी. दागिना नाही, मागे देखावा नाही, हातात काही काम नाही. नुसत्या बसल्यात. दाखवायला बोलावलेल्या मुली आतल्या खोलीत अशाच बसायच्या, नाही का? रंगांचे सपाट पट्टे गोगँचे आहेत हे शाळकरी पोरही सांगेल. पण ती वाट पाहणं गोगँचं नाही. ते त्याला कुठून ठाऊक असणार?

त्याच वर्षी सिमल्याच्या प्रदर्शनात तिची काही चित्रं परीक्षकांनी नाकारली आणि एकाला बक्षीस दिलं. तिनं बक्षीस परत केलं. कारण उघड होतं. जे तिला स्वतःला जुनाट वाटायचं ते त्यांना आवडायचं आणि जे नवं होतं ते बाहेर ठेवलं जायचं. स्वभाव तसा तिखटच. पुढे राजा रविवर्म्याला तिनं जे बोल लावले ते वाचून मला वाईटच वाटलं. आपल्या आज्यांच्या देवघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या त्या माणसानं. असो.

आता येते ती आपल्या महाराष्ट्राची गोष्ट. नोव्हेंबर १९३६ मध्ये उकील बंधूंबरोबर अमृताच्या चित्रांचं प्रदर्शन मुंबईला ताजमहाल हॉटेलात भरलं. तिथे तिची ओळख झाली कार्ल खंडालावालांशी. पेशानं वकील, पण लघुचित्रांचे आणि शिल्पांचे मोठे जाणकार. त्यांच्या संग्रहातली राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं तिनं पाहिली. जम्मूकडच्या बसोली शैलीतले ते तापलेले पिवळे आणि लाल रंग तिच्या डोळ्यांत जाऊन बसले. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते. पुढच्या वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीनं ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं, तेही इथलंच.

मुंबईहून ती गेली अजिंठा-वेरूळला. अजिंठ्याची चित्रं उतरवून काढायला लोक तिच्या कितीतरी आधी जाऊन आले होते. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे वर्षानुवर्षं नकला करत होते. त्यांत पेस्तनजी बमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार होते. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. नंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार ही तरुण मंडळी होती. तेव्हा अजिंठा काही अमृतानं शोधून काढला नाही. फरक पडला तो पाहण्यात.

बंगालच्या चित्रकारांनी अजिंठ्याकडून घेतलं काय? लांबट डोळे, नाजूक बोटं, लवलवती कंबर, पुराणातल्या गोष्टी. अमृताची तक्रार अशी होती की वरची साल घेतली आणि गाभा तिथेच राहिला. तिला अजिंठ्यात दिसलं ते वेगळंच. आकृत्यांचे गट एकमेकांना कसे टेकून उभे राहतात, वजन कुठे पडतं, गर्दीतही प्रत्येकाला जागा कशी मिळते, तपकिरी अंगावर पांढरा किंवा हिरवा कसा उठतो. गोष्ट कुठल्या जातकातली आहे, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं.

इथे मला बंगालच्या मंडळींची बाजूही घ्यावीशी वाटते. साहेबानं आपल्या देशात कला नाहीच असं म्हणायचं आणि आपण अजिंठ्याकडे बोट दाखवून म्हणायचं की ही बघ, याला त्या काळात हिंमत लागत होती. पहिल्या पिढीनं दार उघडलं म्हणून दुसरीला आत जाऊन निवांत बघता आलं. आणि अमृता सगळ्याच बंगाल्यांवर रागावलेली नव्हती. रवींद्रनाथांची चित्रं आणि जामिनी राय यांचं काम यांना ती मानत असे.

अजिंठ्याहून हैदराबाद. तिथे सालारजंगांनी चित्रं पाहिली, पण घेतली नाहीत. मग त्रिवेंद्रम, कन्याकुमारी आणि कोचीन. कोचीनजवळच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं तिनं पाहिली आणि ती तिथेच रमली. रामायणातले प्रसंग, भिंत इंचभर मोकळी न सोडता एकात एक गुंतलेली माणसं, जनावरं, देव. तिथे बसून तिनं त्यांची रेखाटनं केली. पॅरिसमध्ये पदक मिळवलेली मुलगी जमिनीवर बसून जुन्या भिंतीवरची चित्रं गिरवते आहे, हे चित्र मला तिच्या बाकी सगळ्या चित्रांइतकंच आवडतं. नक्कल करायला तिला कमीपणा वाटला नाही. वहीत नक्कल, कॅनव्हासवर मात्र स्वतःचं, हा हिशेब तिला पक्का ठाऊक होता.

सिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये तिनं जी तीन मोठी चित्रं काढली ती बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’ आणि ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टु मार्केट’. पहिल्यात मधोमध वधू बसली आहे, भोवती तिची वेणीफणी करणाऱ्या सावळ्या बायका आणि मुलं. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात आरसा घेऊन नटणारी एक राणी आहे. गाइड टॉर्च मारून सगळ्यांना दाखवतातच. मला या वधूकडे पाहताना दर वेळी ती राणी आठवते. पण राणी स्वतःच्या रूपावर खूष आहे आणि ही वधू आपल्या हातांकडे असं बघते की जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. प्रसंग तोच, बायकांचा घोळका तोच, मधली बाई वेगळी. ‘ब्रह्मचारीज’मध्ये पांढऱ्या धोतरांतली, उघड्या अंगाची मुलं ओळीनं बसली आहेत आणि मागे गडद लाल. त्या लालवरून पांढरा असा काही उठतो की डोळे निवतात. इथे गोगँ नावापुरता उरला होता. अजिंठाही पाहुण्यासारखा माजघरात येऊन बसला होता, पण चूल अमृताची होती.

या काळात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असेल, असं वाटत असेल तर तसं नाही. वर्तमानपत्रांत नाव व्हायचं, चित्रं मात्र फारशी खपत नसत. म्हैसूरच्या महाराजांनीही तिच्या चित्रांऐवजी रविवर्म्याची चित्रं पसंत केली. तिच्या आक्षेपांचं एक प्रकारे उट्टंच निघालं म्हणायचं! सरदारघराण्यातली असली तरी हाती पैसा खेळता नव्हता.

१९३८ मध्ये ती हंगेरीला गेली आणि तिथे तिनं डॉ. व्हिक्टर एगनशी लग्न केलं. हा तिचा आईकडून मावसभाऊच. घरच्यांचा विरोध होता. पण त्या वर्षभरातही डोळे स्वस्थ नव्हते. तिथे तिनं हंगेरियन बाजाराचं जे चित्र काढलं त्यात सोळाव्या शतकातल्या ब्रॉइगल या फ्लेमिश चित्रकाराची आठवण येते. उंचावरून पाहिलेली लहान लहान, गडद कपड्यांतली माणसं. तेही घेतलं तिनं!

१९३९ मध्ये नवराबायको भारतात आले आणि गोरखपूरजवळ सराया इथे राहिले. तिथे मजिठियांचा साखर कारखाना होता, व्हिक्टर डॉक्टर म्हणून काम बघे. आजूबाजूला शेतं, हत्ती, बैलगाड्या आणि वाड्यातल्या बायका. मुंबईत खंडालावालांकडे पाहिलेली लघुचित्रं इथे कामाला आली. लघुचित्रांत मोठी सपाट हिरवी जमीन असते, माणसं लहान असतात आणि ती बहुतेक बाजूनं दिसतात. अमृताच्या चित्रांतली माणसंही आता आकारानं लहान झाली. १९३८ च्या ‘इन द लेडीज एन्क्लोजर’मध्ये हिरव्या सपाट जमिनीवर बायका बसल्यात, एकीची वेणी घातली जाते आहे. १९४० च्या ‘वूमन रेस्टिंग ऑन चारपॉय’मध्ये लाल कपड्यातली बाई लाल पायांच्या बाजेवर दुपारची पडली आहे आणि बाजूला एकजण पंखा घेऊन बसली आहे. तो बसोलीचा लाल. पण बसोलीच्या चित्रात अशी बाई असली की ती नायिका असते, कृष्णाची वाट पाहत असते. इथे कुणी यायचं नाही. दुपार सरायची आहे, एवढंच. हळद दळणाऱ्या बायका, झोका, म्हातारा गोष्ट सांगणारा, सगळं याच दोन वर्षांतलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती सांगूनच टाकते. अमृताच्या बायका कधी हसत नाहीत. मी ज्या बायकांत वावरते त्यांच्या घरी काय काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे, पण त्या हसतात हो! हप्ता थकलेला असतो, नवरा कामावर गेलेला नसतो आणि तरी मीटिंगमध्ये एकीनं सासूची नक्कल केली की बाकीच्या पोट धरून लोळतात. अमृतानं गरिबांची गरिबी पाहिली ती मोटारीतून आणि वाड्याच्या सज्जातून, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. दुसऱ्याच्या शैलीची उसनवारी तिला जशी साधली, तशी दुसऱ्याच्या आयुष्याची साधली का? सुरुवातीच्या ‘मदर इंडिया’सारख्या चित्रांत दुःख जरा जास्तच लावलेलं आहे. सरायातल्या चित्रांत ते निवळलं. तिथल्या बायका बिचाऱ्या वाटत नाहीत. त्या आपल्या आपल्यात असतात आणि आपण बघतोय याची त्यांना पर्वा नसते. आपल्याच वाड्यातल्या बायकांत ऊठबस केल्यावर तिचा हात हलका झाला असावा.

सप्टेंबर १९४१ मध्ये दोघं लाहोरला राहायला गेले. शहर मोठं, कलेची जाण असलेलं. व्हिक्टरची प्रॅक्टिस तिथे चालेल आणि तिची चित्रं पाहिली जातील, असा विचार होता. डिसेंबरात प्रदर्शन भरायचं होतं. पण प्रदर्शनाच्या आधीच ती आजारी पडली आणि काही दिवसांतच, ५ डिसेंबर १९४१ ला, गेली. आजाराबद्दल तेव्हाही खूप बोललं गेलं, आजही बोललं जातं. त्या कुजबुजीत मला जायचं नाही. बाई मोठी असली की तिच्या कामापेक्षा तिच्या मरणाच्याच गोष्टी जास्त रंगवून सांगतात.

तिची नोंद झालेली चित्रं पावणेदोनशेच्या आसपास. त्यातली शंभराच्या आसपास व्हिक्टर आणि घरच्यांनी सरकारच्या हवाली केली. ती आज दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. मुलांना घेऊन दिल्लीला गेलात तर लाल किल्ल्याआधी तिथे जा, असं मी हक्कानं सांगेन. तिची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरवली गेली, त्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. आणि हयातीत जिची चित्रं खपत नव्हती, तिचं १९३७ चं ‘द स्टोरी टेलर’ सप्टेंबर २०२३ मध्ये लिलावात ६१ कोटी ८० लाखांना गेलं. भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ती तोवरची सगळ्यात मोठी किंमत होती.

शेवटचं चित्र तेवढं अपुरं राहिलं. लाहोरच्या घराच्या मागच्या बाजूनं जे दिसायचं तेच: गवळ्याचं घर, भिंतींचे चौकोन, काळ्या म्हशी. आकार इतके सोपे केलेत की घर म्हणजे रंगाचा ठोकळा आणि म्हैस म्हणजे काळा डाग. मी त्याची छापील प्रत कितीदा तरी निरखून पाहिली. यात गोगँ सापडतो का, बसोली कुठे आहे, अजिंठा कुठल्या कोपऱ्यात, असं शोधून झालं. कुणीच सापडलं नाही. म्हशी तेवढ्या दिसतात, आणि संध्याकाळ व्हायला आली आहे असं वाटतं.